परदेश, पोलीस केस आणि प्रत्यार्पण : सांगली-साताऱ्यातल्या घरांचे नेहमीचे प्रश्न

मुलगा लंडनला, जावई दुबईला, आणि कोर्टाचा हवालदार दारात तासगावला. मग पहिला प्रश्न येतो, "आता त्याला धरून आणणार का?" प्रत्यार्पण हा शब्द टीव्हीमुळे घराघरांत पोचलाय, पण दहातल्या नऊ घरांचा प्रश्न तिथवर जातच नाही. तो अडलेला असतो तालुक्याच्या कोर्टात : न बजावलेल्या समन्सात, न मागितलेल्या परवानगीत किंवा पासपोर्टच्या फॉर्मवर केलेल्या चुकीच्या खुणेत. म्हणून इथली उत्तरं लंडनपासून नाही, इथल्या कोर्टापासून सुरू होतात.

मुलग्यावर "केस झालीय" एवढंच कळलंय. सुरुवात कुठून करायची?

केस म्हणजे नेमकं काय, ते आधी कागदावर बघा. अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी, चॅप्टर केस, एफआयआर, कोर्टात थेट केलेली खाजगी फिर्याद आणि दोषारोपपत्र दाखल झालेला खटला या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. गावात सगळ्यांना "केस"च म्हणतात.

एफआयआर असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतो. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील बाबी मात्र तिथे टाकत नाहीत. खटला कोर्टात असेल तर ई-कोर्ट्सवर नाव किंवा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख दिसते. पण मोबाइलवर दिसलेल्या तारखेवर थांबू नका. नकलेसाठी अर्ज करा आणि एफआयआर, दोषारोपपत्र आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) या तिन्हींच्या प्रमाणित नकला काढा. रोजनामा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी मागत नाही.

रोजनाम्यात बघायचं काय?

मुलगा "बाहेर आहे" याचा "फरार आहे" कधी झाला, ते. हा प्रवास साधारण असा असतो. पहिल्या तारखेला : "आरोपी गैरहजर. समन्स काढा." दुसऱ्या तारखेला समन्स परत येतं, त्यावर शेरा : "पत्त्यावर राहत नाही, परदेशी असल्याचे आई सांगते." मग जामीनपात्र वॉरंट, त्यानंतर अजामीनपात्र वॉरंट. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा निघतो, तो घराच्या दारावर चिकटवला जातो आणि हजर व्हायला किमान ३० दिवस मिळतात. तरीही कुणी आलं नाही, तर कलम ८५ खाली मालमत्तेची जप्ती येऊ शकते. त्यात सामाईक सातबाऱ्यावरचा मुलाचा हिस्साही आला.

या साखळीत आईने खोटं काही सांगितलेलं नसतं. फक्त परदेशातला पत्ता कुणी लेखी दिलेला नसतो. हवालदार आला की त्याच दिवशी मुलाचा तिथला पूर्ण पत्ता, ईमेल आणि वकिलाचं नाव अर्जावर लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पुढे लंडनच्या कोर्टात "हा पळून गेला" असं म्हटलं गेलं, तर ती पोच सोन्याच्या मोलाची ठरते. का, ते पुढे येईल.

मुलाला पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय. ती चालते का?

चौकशीला बोलावण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस (जुन्या कायद्यात कलम ४१-अ) व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. म्हणून ती फेकून द्यायची असं नाही. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या : नोटीस समजली, मी अमुक ठिकाणी अमुक कारणाने आहे, व्हिडिओवर जबाब द्यायला तयार आहे, प्रत्यक्ष यायला अमुक तारखेपर्यंत मुदत द्यावी. गप्प बसलेल्या माणसापेक्षा उत्तर देणाऱ्या माणसाला जामीन लवकर मिळतो.

पोलिसांनी "ब समरी" पाठवली म्हणतात. म्हणजे संपलं ना?

अजून नाही. तपासाअंती पोलीस अहवाल पाठवतात : गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही तर "अ", फिर्यादच खोटी तर "ब", गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तर "क". मॅजिस्ट्रेटने तो मान्य केल्याचा हुकूम झाला की केस संपते. फिर्यादी विरोधही करू शकतो. व्हिसाच्या फाइलला पोलिसांचा अहवाल नाही, कोर्टाच्या हुकमाची नक्कल लावायची.

गणपतीत किंवा निवडणुकीत लागलेली चॅप्टर केस?

ती शांतता राखण्याच्या बाँडची कारवाई आहे, गुन्ह्याचा खटला नाही. कागद जपून ठेवा, घाबरू नका.

कोर्टात खटला चालू असताना पासपोर्ट मिळतो का?

मिळतो. पासपोर्ट कायदा १९६७ चं कलम ६(२)(फ) फौजदारी खटला प्रलंबित असलेल्याला पासपोर्ट नाकारतं, पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यातून वाट काढून दिलीय : ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाची परवानगी आणा. नुसता एफआयआर आहे आणि दोषारोपपत्र गेलेलं नाही, तर "कोर्टात प्रलंबित खटला" या अर्थाने तो सहसा धरला जात नाही. पोलीस पडताळणीत मात्र तो वर येतोच, म्हणून लपवू नका.

परवानगीचा अर्ज विटा, कराड, फलटण, मिरज, जिथे खटला असेल तिथल्याच कोर्टात द्यायचा. सोबत एफआयआर, दोषारोपपत्राची नक्कल, जुना पासपोर्ट, नोकरी किंवा प्रवेशाचं पत्र. अर्जावर सरकारी वकिलांचा "से" येतो, म्हणजे सरकार पक्षाचं म्हणणं. मग हुकूम.

आणि इथेच बहुतेक अर्ज अर्धवट राहतात. हुकमात फक्त "अर्जदारास पासपोर्ट काढण्यास हरकत नाही" एवढंच असेल आणि मुदत लिहिलेली नसेल, तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. एका वर्षाच्या पासपोर्टवर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा काढणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून अर्जाच्या मागणीतच दोन वेगळ्या ओळी लिहा : पासपोर्ट किती वर्षांचा हवा, आणि परदेशी जाण्याची परवानगी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. हुकूम झाल्या दिवशी तो वाचा. मुदत राहिली असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. पासपोर्ट कार्यालय पुण्याचं आहे, आणि तिथे गेल्यावर "साहेबांच्या मनात दहा वर्षं होतं" हे कुणी ऐकत नाही.

जामिनाच्या अटीत "परवानगीशिवाय देश सोडू नये" असेल तर प्रत्येक प्रवासाला वेगळी परवानगी लागते : तिकिटाची प्रत, राहण्याचा पत्ता, परतीची तारीख, कधी काही रक्कम अनामत. परत आलात की आठवणीने पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडा. पुढची परवानगी त्या पुरसीसीवर मिळते.

फॉर्मवर केस नाही अशीच खूण केली तर?

एजंट हेच सुचवतात. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय पासपोर्ट जप्त होतो. मूळ केस किरकोळ मारामारीची असते आणि ही नवी भानगड तिच्यापेक्षा मोठी होऊन बसते.

पोलिसांनी घरातून पासपोर्ट नेला. परत कसा मिळवायचा?

तपासात पासपोर्ट ताब्यात घेता येतो, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकाऱ्यालाच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सुरेश नंदा प्रकरणात स्पष्ट केलं. पंचनाम्याची प्रत घ्या आणि मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. पासपोर्ट कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस आली असेल तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. जप्तीचा हुकूम झालाच तर ३० दिवसांत अपील आहे.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट एसपी ऑफिसचं चालेल का?

नोकरीसाठी लागणारा चारित्र्य दाखला पोलिसांकडून मिळतो. व्हिसासाठी बहुतेक देश पासपोर्ट कार्यालयाचं प्रमाणपत्र मागतात. दोन्ही वेगळी. चुकीचं काढलं की तीन आठवडे वाया.

मुंबई विमानतळावर अडवतील का? लूकआउट आहे का, हे कसं कळणार?

लूकआउट सर्क्युलर म्हणजे या माणसाला विमानतळावर अडवा किंवा आल्यागेल्याचं कळवा, असं पत्रक. ते ब्युरो ऑफ इमिग्रेशनच्या यंत्रणेत असतं. ते काढायला सांगणारा वेगळा, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, सीबीआय, ईडी वगैरे. गृह मंत्रालयाच्या २०२१ च्या एकत्रित सूचनांप्रमाणे ते दखलपात्र गुन्ह्यात काढायचं असतं, आणि मागणाऱ्या यंत्रणेने मागे घेईपर्यंत ते चालू राहतं. वर्षभराने आपोआप गळून पडतं, ही जुनी समजूत सोडून द्या.

आधी कळवण्याची पद्धत नाही, म्हणून अंदाज रोजनाम्यावरून बांधायचा. अजामीनपात्र वॉरंट निघून कुणी हजर झालेलं नसेल तर धोका खरा समजा. मग क्रम असा : आधी अटकपूर्व जामीन (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२) किंवा वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, त्या हुकमाच्या नकलेसह तपास अधिकाऱ्याला आणि अधीक्षकांना लूकआउट मागे घेण्याचा अर्ज, आणि तरीही हलले नाहीत तर हायकोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि साताऱ्याची हायकोर्टाची कामं कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे मुंबईची रात्रीची गाडी धरायचं कारण उरलेलं नाही. हुकूम मिळाला तरी प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. यंत्रणेत नोंद निघायला वेळ लागतो आणि काउंटरवरचा माणूस स्क्रीनच बघतो.

बँकेच्या थकबाकीवरून सरकारी बँकांनी थेट मागवलेल्या लूकआउटना मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये आधार नाही असं ठरवलं. कर्जदारांनी ते लक्षात ठेवावं, पण फसवणुकीचा एफआयआर असेल तर गणित बदलतं.

रेड कॉर्नर नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय वॉरंट ना?

नाही. इंटरपोलची रेड नोटीस ही सदस्य देशांना केलेली विनंती आहे : या माणसाला शोधा आणि प्रत्यार्पणाची कारवाई होईपर्यंत तात्पुरतं ताब्यात घ्या. तिला किती वजन द्यायचं ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. ब्रिटनमध्ये भारताच्या रेड नोटिशीवर थेट अटक होत नाही, तिथल्या न्यायाधीशाचं वॉरंट लागतं. आखाती देशांत मात्र इमिग्रेशनच्या काउंटरवरच बसवून ठेवतात. भारतातून ही विनंती सीबीआयमार्फत जाते. नोटीस चुकीची किंवा सूडाची वाटली तर इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे दाद मागता येते. वकीलपत्र आणि ओळखपत्र लावून लेखी अर्ज करायचा, तोंडी सुनावणीची अपेक्षा धरायची नाही. निळी नोटीस फक्त ठावठिकाणा विचारते, तिच्यावर अटक नसते.

मग खरं प्रत्यार्पण होतं तरी कसं?

भारताचा कायदा १९६२ चा आहे. ४८ देशांशी करार आहेत आणि १२ देशांशी त्यापेक्षा सैल अशी व्यवस्था आहे. भारताने माणूस मागायचा असेल तर साधारणपणे दोषारोपपत्र दाखल झालेलं, कोर्टाने दखल घेतलेली आणि अजामीनपात्र वॉरंट निघालेलं लागतं. पोलीस ठाण्यातून अधीक्षक, तिथून राज्याचं गृहखातं, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि तिथून समोरचा देश असा कागदाचा प्रवास. फाइलमध्ये तपास अधिकाऱ्याचं मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं शपथपत्र असतं : पुरावा काय, कुठलं कलम, किती शिक्षा, हाच तो माणूस हे कशावरून.

आणि सोबत भाषांतर. फिर्याद, जबाब, पंचनामा मराठीत असतात आणि समोरच्या न्यायाधीशाला इंग्रजीच वाचायचं असतं. "मारहाण" साधी की दुखापत होईल अशी, "घेतले" म्हणजे उसने की लबाडीने, हे भाषांतर करणाऱ्याने अंदाजाने ठरवलं की फाइल तिथेच ढिली पडते. बचावाच्या वकिलाने मूळ मराठी जबाब आणि इंग्रजी प्रत ओळीला ओळ लावून वाचलीच पाहिजे. लंडनच्या बॅरिस्टरला ते जमणार नाही, ते काम इथल्या वकिलाचं.

लंडनच्या कोर्टात नेमकं काय चालतं?

भारत-ब्रिटन करार १९९२ चा. तिथल्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात भारत दुसऱ्या वर्गातला देश आहे. विनंती गृहमंत्र्यांकडे जाते, ती प्रमाणित झाली की वॉरंट, अटक, आणि वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टात हजर करतात. जामीन मिळू शकतो : पासपोर्ट जमा, मोठी रक्कम अनामत, जामीनदार, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा. विजय मल्ल्यांना तो मिळाला, नीरव मोदींना वारंवार नाकारला गेला.

सुनावणीत "गुन्हा केला का" हा प्रश्न नसतो. प्रश्न असतात ते असे. हेच कृत्य ब्रिटनमध्येही गुन्हा आहे का आणि त्याला किमान वर्षभराची शिक्षा आहे का? खटला चालवण्याइतका प्रथमदर्शनी पुरावा आहे का? हा पुरावा दाखवायचं बंधन भारतावर आहे, सगळ्याच देशांवर नाही. धर्म, वंश किंवा राजकीय मतावरून मागणी झालीय का? फार काळ लोटल्याने पाठवणं अन्यायाचं होईल का? तब्येत? मानवी हक्क?

काळ लोटल्याच्या मुद्द्यावर दारातल्या त्या पोचेची आठवण ठेवा. जो स्वतः पळाला, त्याला उशिराचा फायदा ब्रिटिश कोर्ट सहसा देत नाही. ज्याने पत्ता कळवला, वकील दिला आणि तरी पाच वर्षं कुणी बोलावलं नाही, त्याचा मुद्दा ऐकला जातो.

मानवी हक्कांत भांडण बहुधा तुरुंगावर येऊन ठेपतं. आर्थर रोडच्या बारा नंबर बराकीत किती चौरस मीटर जागा, खिडकी कुठे, डॉक्टर कधी येतो, हे सगळं लंडनमध्ये तपासलं गेलंय. भारत सरकार लेखी हमी देतं आणि ती हमी पुरेशी आहे का ते न्यायाधीश ठरवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने शस्त्रव्यवहारातले दलाल संजय भंडारींना तिहारमधल्या धोक्याच्या कारणावरून सोडलं. म्हणून "तुरुंग वाईट" एवढं बोलून भागत नाही. कुठला तुरुंग, कुठली बराक, कुणाची साक्ष, हे लागतं.

न्यायाधीशाने पाठवायचं ठरवलं की फाइल गृहमंत्र्यांकडे जाते. त्यांच्या हातात फार थोडं उरतं : फाशीची शक्यता, दुसऱ्या गुन्ह्यात खटला न चालवण्याची हमी, असं काही. अपिलाची मुदत १४ दिवस, आणि आधी परवानगी मागावी लागते. हे चौदा दिवस रविवार धरून मोजायचे.

किती वर्षं लागतात?

मल्ल्यांना एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली, डिसेंबर २०१८ मध्ये खालच्या कोर्टाने निकाल दिला, एप्रिल २०२० मध्ये अपील फेटाळलं गेलं, आणि त्यानंतरही विमान हललं नाही. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असला की ब्रिटन पाठवत नाही, आणि ते अर्ज गोपनीय असतात. हा टोकाचा नमुना आहे. साधा माणूस, साधा वकील असला की प्रकरण फार लवकर आटपतं. २०१६ मध्ये गुजरातच्या दंगलीतल्या एका आरोपीने संमती दिली आणि काही महिन्यांत तो भारतात आला.

सुनेने ४९८-अ टाकलाय, मुलगा बर्मिंगहॅमला. त्याला मागवून घेतील?

सासरच्या छळाचं हे कलम आता भारतीय न्याय संहितेचं ८५, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ब्रिटनमध्येही घरातल्या जाचक वागणुकीचा २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे "तिकडे असला कायदाच नाही" म्हणून निर्धास्त राहू नका. तरीही अशा केसमध्ये प्रत्यार्पणाआधी तीन गोष्टी येतात : लूकआउट, पासपोर्टची कारणे दाखवा नोटीस, आणि वॉरंट निघालं असेल तर इथल्या लग्नाकार्याला येताना विमानतळावर अटक. आईवडिलांवर, नणंदेवर ढोबळ आरोप असतील तर त्यांच्यापुरता एफआयआर रद्द करायचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली कोल्हापूरला करता येतो. मुलापुरता मध्यस्थीचा मार्ग लवकर बघा. स्त्रीधन परत करण्याच्या यादीवर सही झाली की निम्मं भांडण मिटतं, हे अनेकदा दिसतं.

एक इशारा : मुलाने तिकडे घटस्फोट घेतला म्हणून इथली फौजदारी केस संपत नाही.

दुबईच्या बँकेचं कर्ज थकवून माणूस गावी आला. त्याला परत पाठवतील?

१९९९ च्या भारत-अमिरात करारात आपला नागरिक समोरच्याला न देण्याची तरतूद आहे. गुन्हा असेल तर खटला इथेच चालवायचा. खरी भीती दुसरीकडे आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने अमिरातीतल्या कोर्टांचे दिवाणी हुकूमनामे इथल्या जिल्हा कोर्टात थेट बजावणीला आणता येतात. म्हणजे दुबईचा दावा, आणि जप्ती गावच्या घरावर. तिकडे दावा लागल्याचं कळलं की तिथेच वकील द्या. एकतर्फी हुकूमनामा झाल्यावर हरकती फार थोड्या उरतात.

चेक बाऊन्सवर प्रत्यार्पण होतं?

ब्रिटनमध्ये नुसता चेक न वटणं हा गुन्हा नाही, त्यामुळे दुहेरी गुन्ह्याची अटच पुरी होत नाही. सोबत फसवणुकीचं कलम असेल तर वेगळी गोष्ट.

आणल्यावर दुसऱ्याच केसेस लावतात, खरं का?

ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्यात खटला, हे बंधन आपल्या कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे. दिलेला शब्दही पाळावा लागतो. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालकडून आणताना २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही अशी हमी दिली होती, आणि जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केंद्रावर बंधनकारक धरली.

विट्याच्या गलाईवाल्याला परराज्यातले पोलीस उचलून नेतात, ते प्रत्यार्पणच की?

नव्हे, पण घरच्यांना फरक वाटत नाही. खानापूर-आटपाडीकडचे लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत. चोरीचं सोनं घेतल्याचा आरोप (न्याय संहितेचं कलम ३१७) या धंद्याला कायम चिकटलेला. देशातल्या देशात करार लागत नाही. २४ तासांत संबंधित कोर्टात नेणं शक्य नसेल तर जवळच्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे प्रवासापुरती कोठडी, घ्यावा लागतो. त्या वेळी तुमचा वकील हजर पाहिजे. अटकेची कारणं लेखी आणि कळणाऱ्या भाषेत मिळायला हवीत. तेलुगू किंवा मल्याळममधल्या कागदावर सही करू नका. अटकेची चाहूल असेल तर नोव्हेंबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे, गुन्हा परराज्यात असला तरी इथल्या सेशन्स कोर्टातून मर्यादित काळाचा अटकपूर्व जामीन मागता येतो. खरेदीची पावती, विक्रेत्याचं ओळखपत्र आणि सीसीटीव्ही जपून ठेवणाऱ्याचा जामीन सोपा जातो.

शिकायला गेलेल्या मुलाला इंग्लंडमध्ये पोलिसांनी पकडलं. पहिल्या तासात काय?

ठाण्यातला ड्यूटी सॉलिसिटर फुकट मिळतो. व्हिसा कुठलाही असो, बापाची शेती कितीही असो. तो येईपर्यंत घटनेबद्दल बोलायचं नाही. दुभाषाही फुकट, आणि तो मराठीच मागा. हिंदीवर भागवलं की "मी त्याला ढकललं" आणि "माझा धक्का लागला" यांत गोंधळ होतो. आरोप न ठेवता साधारण २४ तास ठेवता येतं, गंभीर गुन्ह्यात जास्त. भारतीय उच्चायुक्तालयाला कळवण्याचा हक्क आहे, तो मागावा लागतो.

"कॉशन" या शब्दापाशी जपून. तिकडे त्याचे दोन अर्थ आहेत. चौकशीआधी वाचून दाखवतात ती ताकीद, तिच्यात गैर काही नाही. दुसरी कॉशन म्हणजे गुन्हा कबूल करून, कोर्टात न जाता सुटणं. पोरं "सही कर आणि घरी जा" म्हटल्यावर सही करतात. ती नोंद पोलिसांच्या रेकॉर्डवर राहते आणि पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर सांगावी लागते. सही करण्याआधी सॉलिसिटरला एवढंच विचारा, "याचा माझ्या व्हिसावर परिणाम काय?"

किमान १२ महिन्यांची कैद झाली तर परदेशी नागरिकाच्या हद्दपारीची तरतूद तिथल्या २००७ च्या कायद्यात आहे. शिक्षा झालेल्याला उरलेली कैद भारतात भोगता यावी म्हणून भारताचा २००३ चा कायदा आणि ब्रिटनशी करार आहे. दोन्ही सरकारांची आणि कैद्याची संमती लागते, आणि वेळ जातो.

व्हिसाच्या फॉर्मवर जुनी, निर्दोष सुटलेली केस लिहायची का?

प्रश्न शब्दाशब्दाने वाचा. "शिक्षा झाली आहे का" आणि "कधी अटक झाली होती का" हे वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेचा फॉर्म अटकेबद्दलही विचारतो. विचारलं असेल तर लिहा, आणि निर्दोष मुक्ततेच्या हुकमाची नक्कल इंग्रजी भाषांतरासह लावा. भाषांतरावर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि "भाषांतर अचूक आहे" हे वाक्य पाहिजे. दडवल्याचं उघडं पडलं तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी लागू शकते.

आखातात पाठवणारा एजंट खरा की खोटा?

ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक बघा. नोंदणीकृत एजंटला फी ३०,००० रुपये अधिक जीएसटीपर्यंतच घेता येते, आणि पावती द्यावी लागते. दीड लाख रोख मागणारा आणि व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट दिसला की विमानात बसू नका, पोलीस ठाण्यात जा.

बॅरिस्टर, सॉलिसिटर, आपला वकील : कुणाला धरायचं?

इथे सगळे अ‍ॅडव्होकेट. "बॅरिस्टर" ही पदवी नावापुढे असली तरी आपल्या कोर्टात वेगळा अधिकार देत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर फाइल सांभाळतो, कागद जमवतो, ठाण्यात येतो. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो आणि कायद्यावर मत देतो. काही बॅरिस्टर थेट अशील घेतात, पण प्रत्यार्पणात सॉलिसिटरविना काम फार अवघड. सांगलीला बसून नाव तपासता येतं : बॅरिस्टर असेल तर बार स्टँडर्ड्स बोर्डाची नोंदवही, सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, नुसता इमिग्रेशन सल्लागार असेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी. यांपैकी कुठेच नाव नसलेला, पण "आपलाच गाववाला" म्हणून फी घेणारा टाळा.

लंडनमध्ये वकिली किती लांबते याचा अनुभव साताऱ्याइतका कुणाला नसेल. इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी १८५३ ला परतले तेव्हा एक तप उलटून गेलं होतं, आणि हाती काही लागलं नव्हतं. म्हणून फी टप्प्याटप्प्याने ठरवा : कागद वाचून मत देणं, जामिनाचा अर्ज, मुख्य सुनावणी, अपील. प्रत्येकाचा आकडा लेखी घ्या.

पैसे कसे पाठवायचे?

बँकेतूनच. सॉलिसिटर पैशाचा उगम विचारतो, तो त्याच्यावर कायद्याचा बोजा आहे. जमीन विकून पैसे उभे केले असतील तर खरेदीखत, सातबारा आणि बँकेचा उतारा भाषांतरासह तयार ठेवा. हवाल्याने पाठवलेले पैसे तो घेणार नाही, आणि तुमच्यावर नवी केस मात्र होईल.

मुलगा येऊ शकत नाही. इथली कामं कुणाच्या सहीने करायची?

वकालतनामा तिथून सही करून पाठवता येतो. दिवाणी आणि मालमत्तेच्या कामाला मुखत्यारपत्र लागतं : तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करा किंवा अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा साक्षांकनाचा शिक्का, लावून घ्या. ते महाराष्ट्रात पोचलं की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून मुद्रांकित करून घ्यायचं. कुरिअरचं पाकीट फेकू नका, आल्याची तारीख त्यावरच असते. फौजदारी खटल्यात मात्र मुखत्यार आरोपीच्या जागी उभा राहू शकत नाही. तिथे हजेरी माफीचा अर्ज प्रत्येक तारखेला, तारखेच्या आधी.